'लेडी' : एका आदरवाचकाचा इतिहास

आदरवाचक शब्दांचा विचार बहुधा शिष्टाचाराच्या सदरात केला जातो. परंतु आदर व्यक्त करणारा शब्द आदराचे वाटपही करीत असतो. तो कोणाला लाभतो याइतकेच कोणाला नाकारला जातो, यावरूनही त्याचा अर्थ ठरतो. इंग्रजीतील 'लेडी' या शब्दाचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

'लेडी'चे प्राचीन इंग्रजी रूप 'ह्लॅव्दिये' असे होते. त्यातील पूर्वपदाचा अर्थ पाव असा असून उत्तरपदाचा संबंध कणीक मळण्याच्या क्रियेशी जोडला जातो. 'लॉर्ड' हा शब्दही त्याच कुळातला. तो म्हणजे पावाचा राखणदार. घरातील अन्न जिच्या हाती ती गृहस्वामिनी, हा त्या संज्ञेचा व्यवहारातील अर्थ. पुढे शब्दातले श्रम गळाले आणि स्वामित्व तेवढे शिल्लक राहिले. मध्ययुगात येशूची माता मेरी हिला उद्देशून 'अवर लेडी' म्हटले जाऊ लागले, तर दुसरीकडे हा शब्द उमराव घराण्यांतील स्त्रियांची पदवी बनला. स्वामित्व, कुलीनता आणि पावित्र्य असे तीन अर्थप्रवाह अशा रीतीने एका शब्दात येऊन मिळाले.

एकोणिसाव्या शतकात मध्यमवर्गाच्या उदयाबरोबर या शब्दाचा अर्थविस्तार झाला. कुळाची जागा वर्तनाने घेतली. बोलण्यातील संयम, वेशभूषा आणि विशेषतः पोटासाठी हातांनी कष्ट न करणे, ही लेडीपणाची लक्षणे मानली गेली. जिच्या नावात कणीक मळणे होते, तिचे लक्षण कणीक न मळणे हे ठरले. चिन्हाचा अर्थ इतर चिन्हांपासूनच्या भेदातून निष्पन्न होतो, हा सोस्यूरचा सिद्धान्त येथे नेमका लागू पडतो. 'लेडी'चा अर्थ 'वुमन' या शब्दाशी असलेल्या भेदावर उभा होता. आणि हा भेद टिकण्यासाठी काही स्त्रियांनी कायम 'वुमन'च राहणे आवश्यक होते.

या भेदाची कसोटी अमेरिकेतील आगगाडीत लागली. तेथील गाड्यांना 'लेडीज कार' म्हणून ओळखला जाणारा वरच्या दर्जाचा डबा असे. टेनेसी राज्यातील कृष्णवर्णीय शिक्षिका आयडा बी. वेल्स पहिल्या वर्गाचे तिकीट काढून या डब्यात बसल्या असता त्यांना पुढच्या डब्यात जाण्यास फर्मावण्यात आले. त्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांना ओढून बाहेर काढण्यात आले. वेल्स यांनी रेल्वे कंपनीवर फिर्याद केली. 1884 च्या डिसेंबरात खालच्या न्यायालयाने त्यांना 500 डॉलर भरपाई मंजूर केली. मात्र 1887 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला आणि कंपनीला त्रास देण्याचा हेतू वेल्स यांच्याच माथी मारला. तिकीट, शिक्षण, पेशा आणि वर्तन ही लेडीपणाची सर्व दृश्य लक्षणे असूनही संज्ञा नाकारली गेली, याचा अर्थ वर्ण ही तिची अलिखित अट होती. लुइझियाना राज्याच्या 1890 च्या स्वतंत्र डब्यांच्या कायद्यातील एक अपवाद या संदर्भात बोलका आहे. दुसऱ्या वर्णाच्या मुलांना सांभाळणाऱ्या दायांना त्या कायद्याचे बंधन नव्हते. कृष्णवर्णीय स्त्री सेविका म्हणून ज्या डब्यात बसू शकत होती, त्यात स्वतःच्या तिकिटावर बसू शकत नव्हती.

ज्यांना हा शब्द सहज उपलब्ध होता, त्यांनाही तो पुढे अपुरा वाटू लागला. 1869 मध्ये इंग्लंडात सांसर्गिक रोगविषयक कायद्यांविरुद्ध जोसेफिन बटलर यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या संघटनेच्या नावात 'लेडीज' होते. 1903 मध्ये एमेलिन पँकहर्स्ट यांनी मँचेस्टरला स्थापन केलेल्या मताधिकारवादी संघटनेच्या नावात 'विमेन्स' आले. सौजन्याची मागणी करणाऱ्या शब्दाकडून हक्काची मागणी करणाऱ्या शब्दाकडे झालेले हे स्थलांतर म्हणता येईल. रॉबिन लेकॉफ यांनी 1975 च्या आपल्या ग्रंथात 'लेडी' ही 'वुमन'साठी वापरलेली सौम्योक्ती असल्याचे दाखवले. काम जितके हलके मानले जाते, तितकी ते करणारीला 'लेडी' म्हणण्याची प्रवृत्ती अधिक, हे त्यांचे निरीक्षण लक्षणीय आहे. शब्द सर्वांना मिळाला तो त्यातील सत्ता ओसरल्यानंतर.

मराठीत हा शब्द रूढ झाला तो अनेकवचनी रूपात, आणि तोही पुष्कळदा एकवचनी अर्थाने : 'एक लेडीज उभी आहे.' डब्यावर 'महिला' लिहिलेले असले तरी मुंबईकरांच्या बोलण्यात तो 'लेडीज डबा'च असतो. 5 मे 1992 रोजी चर्चगेट ते बोरिवली धावू लागलेली पूर्णतः स्त्रियांची गाडीही 'लेडीज स्पेशल' म्हणूनच ओळखली गेली. येथे हा शब्द कूळ विचारीत नाही, वर्तनाचा दाखला मागत नाही. म्हणूनच या डब्यांतही पहिला आणि दुसरा वर्ग वेगळा लिहावा लागतो. टेनेसीत पहिल्या वर्गाचे तिकीट या शब्दावाचून निरर्थक ठरले. मुंबईत हा शब्द पहिल्या वर्गाच्या तिकिटावाचून पहिल्या वर्गात नेत नाही. शब्दातून भेद वजा झाला म्हणजे तो व्यवहारातून वजा होतो असे नाही. तो पाटीवर दुसऱ्या चिन्हाने नोंदवला जातो. आदरवाचकांच्या अभ्यासकाने शब्दाबरोबर ती पाटीही वाचली पाहिजे.