गवत आणि परके लोक

बागेतली यंत्रं माळीलोकांनी शोधून काढली असतील, असा आपला एक भाबडा समज असतो. इतिहासात तसं फारसं सापडत नाही. हिरवळ कापायचं पहिलं यंत्र १८३० साली इंग्लंडात एडविन बडिंग नावाच्या गृहस्थानं केलं. कुठून सुचलं? तर गिरणीत लोकरी कापडावरची लव कातरायचं यंत्र बघून! आमचा आजरा संस्थानी काळात इचलकरंजीच्या जहागिरीत होता, आणि इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला तो १९०४ साली. पण माग बघून गवत आठवावं, असं आमच्याकडे कुणाला झालं नाही. विळे होते, विळा चालवणाऱ्या बायका होत्या. घाई कसली?

त्याच सुमारास, १९०३ साली, बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला. हे आधी मुंबईत तंत्रशाळेत मास्तर, मग सायकलींचे दुकानदार. लोखंडानं जमिनीला विष लागतं म्हणून शेतकरी त्या नांगराला शिवेनात. खप सुरू व्हायला दोन वर्षं गेली. आणि १९७१ साली अमेरिकेत ह्यूस्टनला जॉर्ज बॅलस यांनी मोटार धुणारे गरगरते ब्रश पाहिले आणि पत्र्याच्या डब्याला मासे धरायची दोरी बांधून गवत उडवलं. हे गृहस्थ नाचाचे क्लास चालवीत.

तेव्हा आमचे मेहुणे पेन्शन घेऊन मुंबईहून आजऱ्याला आले आणि गवत कापायचं मशीन त्यांनी खांद्याला अडकवलं, यात परंपरेला सोडून काहीच नव्हतं. हौसही नव्हती. काजूची बी खाली पडते ती वेचायची, म्हणजे झाडाखाली गवत नको. आणि विळेवाल्या बायकांची मुलं पुण्याला, त्यांच्याकडे नातवंडं सांभाळायला बायकाही पुण्याला.

पहिले दोन दिवस मेहुणे नुसती दोरी ओढत होते. चोक लावला की हवा कमी, पेट्रोल जास्त, म्हणून थंड इंजिन पेटतं. पेटल्यावर चोक काढायचा असतो, नाहीतर ते गुदमरून बसतं. पेट्रोलात ऑईल मिसळायचं, कारण या इंजिनाला ऑईलची वेगळी टाकीच नसते. शेजारच्या आक्का कुंपणावरून म्हणाल्या, "भावजी, त्येला आंघोळ घालून बघा."

तिसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं आणि वेंगुर्ल्याच्या एका कलमाची साल बुंध्याशी गोल सोलून निघाली. नायलॉनची दोरी वेगानं फिरली की सुरीसारखी ताठ होते, आणि सालीचं कडं गेलं की झाडाचं अन्न मुळाकडे जायचं थांबतं. मेहुण्यांचा चेहरा आठवडाभर बघवत नव्हता. ते कलम त्यांनी वडिलांच्या नावानं लावलं होतं.

आता कलमाभोवतीचं हातभर गवत ते बसून विळ्यानं काढतात. विळा कसा धरायचा, ते आक्का शिकवतात. ते अजून जमलेलं नाही.