विटाळालाही तारीख असते

गेल्या पावसाळ्यात माझ्या घरात एक प्रसंग घडला. प्रसंग लहान आहे. पण तो सांगितल्याशिवाय पुढचे लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. मी पनवेलजवळ करंजाडे येथे राहतो. जुन्या गावाच्या कडेने सिडकोची वसाहत उभी राहिली, तीत आमचे दोन खोल्यांचे घर आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आई गावाहून आमच्याकडे राहायला आली आहे. माझ्या बारा वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा पाळी आली, त्या दिवशी संध्याकाळी ती नेहमीप्रमाणे बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायला गेली. आई म्हणाली, "बाय, चार दिवस फोटोला शिवू नको." मुलीने मेणबत्ती खाली ठेवली. मी तेथेच बसलो होतो. दुसऱ्या दिवशी वर्गात मला चवदार तळ्याचा सत्याग्रह शिकवायचा होता. मी काही बोललो नाही.

'शिवू नको' हे दोन शब्द आमच्या घराण्याला नवे नाहीत. माझ्या आजोबांनी ते गावच्या विहिरीवर ऐकले होते. तेच शब्द माझ्या घरात, बाबासाहेबांच्याच तसबिरीसमोर उच्चारले जावेत, याचा उलगडा करण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

निषेध सर्वच समाजांत आहेत. इंग्रजीतला 'टाबू' हा शब्द कॅप्टन कुकने १७७७ मध्ये पॅसिफिक महासागरातील टोंगा बेटांवरून आणला. तेथे पवित्र आणि निषिद्ध या दोन्ही गोष्टींना तो एकच शब्द लागू पडे. मराठीतही सोवळ्यात असलेल्या भटजीला शिवायचे नाही आणि विटाळशीलाही शिवायचे नाही. आज्ञा एकच, मान मात्र वेगळा. एकाला शिवले तर तो बाटतो, दुसरीला शिवले तर आपण बाटतो. हा फरक स्पर्शात नाही. तो कोणाच्या हाती सत्ता आहे, यात आहे.

बाबासाहेबांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात याच मुद्द्यापासून सुरुवात केली. जन्म, मृत्यू, वयात येणे अशा प्रसंगी अशुद्धी मानण्याची चाल प्राचीन समाजांत सर्वत्र होती, हे त्यांनी मान्य केले. परंतु ती अशुद्धी प्रसंगापुरती असे आणि विधीने फिटे. जन्माने चिकटणारी, कोणत्याही पाण्याने न धुतली जाणारी, पिढ्यान् पिढ्या चालणारी अशुद्धी ही वेगळी वस्तू आहे, असे त्यांनी दाखवले. तिच्या मुळाशी त्यांना बौद्धांविषयीचा द्वेष आणि गोमांसभक्षणाचा प्रश्न दिसला, आणि तिचा उगम त्यांनी इसवी सन ४०० च्या सुमारास ठरवला. या सिद्धान्ताविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण अस्पृश्यतेला आरंभ आहे, ती सनातन नाही, असे म्हणून तिची तारीख शोधणे हीच मोठी क्रांती होती.

आता मनुस्मृतीचा पाचवा अध्याय पाहा. तेथे सुतकाचे दिवसही वर्णाप्रमाणे वाटले आहेत: ब्राह्मणाला १०, क्षत्रियाला १२, वैश्याला १५ आणि शूद्राला एक महिना. मरण सर्वांचे सारखेच. अशुद्धी मात्र खालच्याला जास्त. त्याच अध्यायात कोणाला शिवल्यास स्नान करावे, याची यादी आहे. तीत चांडाळ, रजस्वला, पतित, बाळंतीण आणि प्रेत एका ओळीत बसवले आहेत. रजस्वला चार दिवसांनी या ओळीतून उठते. बाळंतीण काही दिवसांनी उठते. प्रेत जळून जाते. चांडाळ मात्र उठत नाही, त्याचा मुलगाही उठत नाही.

हे सारे आरोग्यासाठी होते, असे सांगणारे सुशिक्षित आजही भेटतात. त्यांनी विटाळाला कोठे सूट होती, ते पाहावे. महाराने खळ्यावर झोडलेले भात बाटत नव्हते, शिजवलेला भात बाटत होता. महाराने तालुक्याला पोचवलेला सारा बाटत नव्हता. कातड्याच्या मोटेने मळ्याला पाणी पाजलेले चालत होते. ती मोट शिवणारा मात्र पाणवठ्यावर चालत नव्हता. जेथे श्रम आणि पैसा हवा होता, तेथे विटाळ आपोआप थांबत होता. म्हणजे तो नियम घाणीचा नव्हता, मालकीचा होता.

आमच्याच जिल्ह्यात याची उघड तपासणी झाली. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर, लष्करातून निवृत्त झालेले, यांनी १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहून सवर्णांना जाहीर प्रश्न विचारले. पुढे ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले ठरले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर तळे खुले होते, प्रत्यक्षात नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. गुराढोरांना आणि अन्यधर्मीयांना जेथे मज्जाव नव्हता, तेथे या पाण्याने धर्म बुडाला. मग १०८ घागरी पाणी काढून, शेण, गोमूत्र, दूध, दही घालून तळे 'शुद्ध' करण्यात आले. आरोग्याचा युक्तिवाद करणाऱ्यांनी या घागरींचा विचार करावा.

नंतर सवर्णांनी दावा लावला: अस्पृश्यांना तळ्यावर न येऊ देण्याची रूढी अनादी आहे. दहा वर्षे खटला चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, ही रूढी अनादी असल्याचे सिद्ध झालेले नाही. 'पूर्वापार चालत आले आहे' या एका वाक्यावर उभा असलेला डोलारा पुरावा मागताच कोसळला.

आमच्या करंजाड्यापासून पळस्पे फाटा जवळच आहे. तेथे बाबासाहेबांना पाणी नाकारले गेले आणि पुढे सोनबा येलवे त्यांच्यासाठी पाण्याने भरलेला माठ घेऊन वाट पाहत राहिले, अशी आठवण या भागात आजही सांगितली जाते. ती सांगताना माझ्या आईचे डोळे भरून येतात. त्याच आईने नातीला तसबिरीपासून दूर केले. यात आईचा दोष मी मानत नाही. यादीतून आपण बाहेर पडलो, पण यादी फाडली नाही. आपल्याच घरातल्या बाईला तीत बसलेली राहू दिली.

संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता 'कोणत्याही स्वरूपात' निषिद्ध केली आहे. २८ सप्टेंबर २०१८ च्या शबरीमला निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी पाळीच्या कारणाने स्त्रीला दूर ठेवणे हेही या अनुच्छेदाच्या कक्षेत येते, असे मत नोंदवले. न्या. इंदू मल्होत्रा यांना ते मान्य झाले नाही. कायद्याचा वाद चालू राहील. आपल्या घरापुरता तो आपल्यालाच मिटवावा लागेल.

काही दिवसांनी मी आईला मनूची ती यादी समजावून सांगितली. तिने शांतपणे ऐकले. मग विचारले, "म्हणजे आपल्याला आणि बाईला त्यांनी एकाच ओळीत बसवलंय?" मी हो म्हणालो. ती पुढे काही बोलली नाही. पुढच्या महिन्यात मुलगी तसबिरीजवळ गेली, तेव्हा काड्याची पेटी आईनेच तिच्या हातात दिली.

याला मी विजय म्हणत नाही. मनूवर बोलणे मला सोपे होते, आईशी बोलायला महिना लागला. कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातले 'शिवू नको' मोजावेत आणि प्रत्येकाला विचारावे: तू केव्हापासूनचा, आणि कोणाच्या सोयीसाठी? महाडला हाच प्रश्न विचारला गेला होता.