स्थानिक अधिकारवाढ दोष

संगणकावर साधे खाते असलेल्या व्यक्तीला ऑपरेटिंग सिस्टिममधील ज्या चुकीमुळे प्रशासकाचे सर्वाधिकार मिळवता येतात, तिला स्थानिक अधिकारवाढ दोष म्हणतात. अशा दोषाचा वापर करण्यासाठी यंत्रावर आधी शिरकाव असावा लागतो. म्हणूनच नांदेड-लातूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांसारख्या ठिकाणी, जिथे एकाच सर्व्हरवर अनेक विद्यार्थ्यांची खाती असू शकतात, तिथे तो अधिक धोक्याचा ठरतो.

याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘पॉनकिट’ (सीव्हीई-२०२१-४०३४). क्वालिस या कंपनीने तो २५ जानेवारी २०२२ रोजी जाहीर केला. लिनक्समधील ‘पीकेएक्झेक’ या आज्ञावलीत तो २००९ पासून दडलेला होता. उबुंटू, डेबियन, फेडोरा अशा अनेक वितरणांना त्याची बाधा झाली.

कार्यपद्धती : पीकेएक्झेक कोणीही चालवले, तरी सेटयूआयडी बिटमुळे ते रूटच्या (प्रशासकाच्या) अधिकाराने चालते. त्याला एकही आर्ग्युमेंट, अगदी स्वतःचे नावही न देता चालवले, की ते आर्ग्युमेंटच्या यादीची हद्द ओलांडून शेजारचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचते आणि तिथेच लिहितेही. त्यातून सुरक्षेसाठी गाळलेले व्हेरिएबल परत घुसवता येते आणि हल्लेखोराची लायब्ररी रूट म्हणून चालते.

उपाय : वितरणाने दिलेली दुरुस्ती बसवणे हाच खरा इलाज. तोवर पीकेएक्झेकवरील सेटयूआयडी बिट काढावा (परवानगी ०७५५). याखेरीज निरुपयोगी खाती बंद करणे, सेटयूआयडी फायलींची यादी वेळोवेळी तपासणे आणि लॉग पाहणे हितावह असते.