ती 'पीडित' आहे की नाही, हे कोण ठरवतं? देसाईगंज, १९७२

आजचा भाग जरा जड आहे. लैंगिक अत्याचाराच्या एका खटल्याबद्दल बोलायचंय, त्यामुळे आजूबाजूला लहान मुलं असतील तर हेडफोन लावा.

गोष्ट आहे देसाईगंजची. वडसा म्हणूनही या गावाला ओळखतात. आज ते गडचिरोली जिल्ह्यात येतं, पण १९७२ साली गडचिरोली हा वेगळा जिल्हाच नव्हता, हा सगळा भाग चंद्रपूरकडे होता. तिथे एक आदिवासी मुलगी राहायची. आईवडील नव्हते, एक भाऊ होता. दोघंही मजुरी करून पोट भरायचे. ती एका बाईच्या घरी कामाला जायची आणि त्या बाईच्या भाच्याशी तिचं जमलं. दोघांनी लग्न करायचं ठरवलं.

भावाला हे पटलं नाही. २६ मार्च १९७२ रोजी त्याने पोलीस ठाण्यात तक्रार दिली की, या मुलाने आणि त्याच्या घरच्यांनी माझ्या बहिणीला पळवून नेलं. पोलिसांनी सगळ्यांना बोलावून जबाब घेतले. रात्री साडेदहाच्या सुमारास मंडळी घरी जायला निघाली. बाकीच्यांना जायला सांगितलं आणि तिला तेवढं मागे थांबवलं. थोड्या वेळाने बाहेरच्यांच्या लक्षात आलं, ठाण्यातले दिवे बंद आहेत, दारही आतून बंद आहे. हाका मारल्या, गर्दी जमली. बाहेर आल्यावर तिने सांगितलं की एका शिपायाने बलात्कार केला आणि हेड कॉन्स्टेबलने अंगाला हात लावला. जमाव चिडला, तेव्हा कुठे तक्रार नोंदवली गेली.

तिचं नाव मी घेत नाहीये. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला आजही तिच्याच नावाने शिकवतात. ते नाव का घेत नाही, ते पुढे कळेलच.

आता कोर्टात काय झालं ते नीट ऐका. वैद्यकीय तपासणीत तिचं वय १४ ते १६च्या दरम्यान असल्याचा अंदाज निघाला. अंगावर जखमा नव्हत्या. आणि तिचे आधी शरीरसंबंध आले असावेत, असंही त्या तपासणीवरून म्हटलं गेलं. १९७४ साली सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडून दिलं. न्यायाधीशांचं म्हणणं थोडक्यात असं की मुलगी खोटारडी आहे, तिला शरीरसंबंधांची सवय आहे. जे झालं ते तिच्या संमतीने झालं, आणि बाहेर आपली माणसं चिडलेली बघून चांगलं दिसावं म्हणून तिने बलात्कार म्हटलं.

वयाचा मुद्दा बघा. संमतीचं वय तेव्हा १६ होतं. ती त्याच्या आतली ठरली असती तर संमतीचा प्रश्नच उरला नसता. पण ते पुरेसं सिद्ध झालं नाही, असं कोर्ट म्हणालं. म्हणजे भावाच्या तक्रारीसाठी ती इतकी लहान होती की स्वतःचा जोडीदार स्वतः निवडू शकत नव्हती, आणि पोलिसाच्या खटल्यात मात्र ती संमती देण्याइतकी मोठी ठरली.

१९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला. शिपायाला पाच वर्षं, हेड कॉन्स्टेबलला एक वर्ष शिक्षा झाली. न्यायमूर्तींनी साधी गोष्ट सांगितली. भीतीपोटी गप्प राहणं आणि होकार देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे पोलीस तिला अनोळखी होते. तिच्याच भावाची तक्रार त्याच ठाण्यात होती. अशा वेळी ती काय विरोध करणार?

आणि मग १५ सप्टेंबर १९७८. सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत म्हणजे जोरदार प्रतिकार झाला नाही, शिपायाने हात धरला तेव्हा जवळच असलेल्या आपल्या माणसांना तिने हाक मारली नाही, म्हणजे जे घडलं ते शांतपणे घडलं, असा तो युक्तिवाद.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. आरोपीला संशयाचा फायदा मिळायलाच हवा. ते तत्त्व आपल्या सगळ्यांचं रक्षण करतं. प्रश्न असा आहे की संशय घेतला कशावर? रात्री ठाण्याचं दार बंद करून पोलीस काय करत होते, यापेक्षा ती मुलगी कशी आहे, यावर जास्त चर्चा झाली.

आणि मला वाटतं या खटल्याचं खरं सार इथेच आहे. त्या दिवशी ती दोनदा तोलली गेली. लग्नाच्या बाबतीत तिची काही तक्रार नव्हती, तिने तो मुलगा स्वतः निवडला होता. तिथे तिला 'पळवलेली' ठरवलं. ठाण्यात जे झालं त्याबद्दल तीच तक्रार करत होती, तिथे म्हणाले, तुझ्यावर अन्याय झालेलाच नाही. दोन्ही वेळा तिचा शब्द मोजला गेला नाही. भावाची काळजी अगदीच खोटी होती असं मी म्हणत नाही, वयाने ती लहानच होती. पण ज्या तक्रारीने तिचं रक्षण व्हायचं, त्याच तक्रारीने तिला त्या ठाण्यात नेलं.

समाजाला 'पीडित' चालते, पण त्याच्या अटी असतात. तिने आधी कुणावर प्रेम केलेलं नसावं. तिने आरडाओरडा केलेला असावा. अंगावर खुणा असाव्यात. या अटी फक्त त्या एका मुलीसाठी नसतात. त्या बाहेर उभ्या असलेल्या प्रत्येक मुलीला ऐकू जातात. आमच्या नियमांत राहिलीस तर आम्ही तुझ्या बाजूने उभे राहू, नाहीतर तुझं तू बघ. रक्षणाच्या नावाखाली मुलींच्या येण्याजाण्यावर, कपड्यांवर, मोबाईलवर नजर ठेवली जाते, ती अशीच.

१९७९च्या सप्टेंबरमध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सर्वोच्च न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला असं जाहीरपणे जाब विचारणं तेव्हा सोपं नव्हतं. १९८०च्या सुरुवातीला मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, आणि ८ मार्च १९८० रोजी देशात ठिकठिकाणी बायका रस्त्यावर उतरल्या. तिचा निकाल काही बदलला नाही. ते दोघे सुटले ते सुटलेच.

कायदा मात्र बदलला. १९८३च्या दुरुस्तीने पोलीस ताब्यातला बलात्कार हा वेगळा, जास्त गंभीर गुन्हा ठरला आणि त्याला किमान दहा वर्षांची शिक्षा आली. अशा खटल्यात शरीरसंबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर कोर्टाने तसंच गृहीत धरायचं. सुनावणी बंद दाराआड घ्यायची. आणि पीडितेचं नाव छापणं हा गुन्हा ठरला. ज्या खटल्यामुळे इतर बायकांना हे संरक्षण मिळालं, त्यातल्या मुलीचं नाव मात्र तोवर सगळीकडे झालेलं होतं. म्हणून आज मी ते घेतलं नाही.

पुढची वाट फार सावकाश सरली. बाईच्या 'चारित्र्या'वर बोट ठेवून तिची साक्ष खोडायची मुभा देणारं कलम २००२च्या अखेरपर्यंत कायद्यात होतं. शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणजे संमती होती असं नव्हे, हे कायद्यात लिहिलं जायला २०१३ साल उजाडलं. आणि जिच्या आधारे 'हिला सवय आहे' असं म्हटलं जायचं, ती दोन बोटांची चाचणी करणाऱ्यावर गैरवर्तनाचा ठपका येईल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. देसाईगंजच्या त्या रात्रीला तोवर पन्नास वर्षं झाली होती.

आणि गोष्टीचा पहिला अर्धा भाग? तो तर अजून चालूच आहे. सज्ञान मुलीने मर्जीने लग्न केलं तरी 'फूस लावून पळवलं' अशी तक्रार आजही होते. २०२२च्याच डिसेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने एक समिती नेमली. आधी आंतरजातीय आणि आंतरधर्मीय अशा दोन्ही लग्नांची माहिती ती घेणार होती, टीका झाल्यावर आंतरजातीय लग्नं वगळली, आंतरधर्मीय ठेवली. कारण काय दिलं? मुलींची काळजी. काळजी खरी असेलही. पण सज्ञान बाईला आधी विचारलं का, की बाई गं, तुझी काही तक्रार आहे का?

पुढच्या वेळी व्हॉट्सअॅप ग्रुपवर अशी एखादी बातमी आली की एवढंच तपासा. तिच्या वतीने कोण बोलतंय, आणि ती स्वतः काय म्हणतेय? ती 'झालं' म्हणत असेल तर आणि 'नाही झालं' म्हणत असेल तरीही, ऐकायची सुरुवात तिच्यापासून करा.

भाग कसा वाटला ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!