गडकऱ्यांची भाषा आणि सिंधू

राम गणेश गडकरी १८८५ सालीं बडोदें संस्थानांतील नवसारीस जन्मले. बालपण गुजराती बोलींत गेलें. ग्रंथांतील मराठीशीं गांठ जरा उशिरांच पडली. उशिरां लाभलेलें धन मनुष्य मोजून कसें खर्चील? त्यांच्या कोट्यांची नि अनुप्रासांची उधळपट्टी मला तशीच वाटते. कधीं कधीं तींत पात्राचा आवाजच बुडतो, हेंही खरें!

'एकच प्याला'मध्यें मात्र सिंधूच्या तोंडीं हा सोस पुष्कळच आवरला आहे. ज्यांचा पहिला संसार मोडला, त्यांनींच मद्यपी पतीला न सोडणारी ही गृहिणी निर्मिली. २० फेब्रुवारी १९१९ रोजीं बडोद्यास, जन्माच्याच संस्थानांत, गंधर्व मंडळीनें नाटक प्रथम रंगभूमीवर आणलें. बालगंधर्वांची सिंधू पाहण्यास गडकरी नव्हते; २३ जानेवारीसच ते सावनेरास निवर्तले होते.