उकळणारा दगड आणि घरातले ऑक्सिजन यंत्र

शिरूरहून पुण्याकडे जाताना वाघोली लागते. तिथल्या दगडखाणींनी रस्त्यांना खडी दिली. त्याच खाणींतले स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांचे स्फटिक आणि त्यांवर वाढलेले निळेशार कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसले. शिरूर-दौंडकडेही खडक तोच, दख्खनचा बेसाल्ट. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या आणि पुढे पाण्याबरोबर आलेली खनिजे त्यांत भरली. विहिरी खोदणारे अशा खडकाला मांजऱ्या म्हणतात. त्यातल्या पांढऱ्या गाठी आणि सुया आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. एकोणिसाव्या शतकात अशाच एका खनिजाला पुण्यावरून ‘पूनालाइट’ असे नाव मिळाले होते. पुढे ते आधीच माहीत असलेल्या खनिजांपैकी निघाले आणि नाव मागे पडले.

या खनिजांचे कूळ झिओलाइटचे. श्वासाच्या जुनाट विकाराच्या रुग्णाजवळ घरघर करणारे जे यंत्र आपण पाहतो, त्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरच्या पोटात याच कुळातला पदार्थ भरलेला असतो. मात्र तो खाणीतला नसतो, कारखान्यात घडवलेला असतो.

इ.स. १७५६ मध्ये स्वीडनच्या अ‍ॅक्सेल क्रोनस्टेट याने असे एक खनिज ज्योतीत धरले. ते फसफसले, त्यातून वाफ निघाली. म्हणून त्याने ग्रीक शब्दांवरून नाव दिले झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड. हा प्रयोग शाळेतही करता येतो. झिओलाइटचा चुरा कोरड्या परीक्षानळीत तापवला, की नळीच्या थंड तोंडाशी पाण्याचे थेंब जमतात. (कपची उडू शकते, चष्मा घालावा.) स्फटिकाच्या रचनेत अतिसूक्ष्म पोकळ्या असतात आणि त्यांत पाणी राहते. पाणी काढून टाकले तरी सांगाडा टिकतो आणि रिकाम्या घरांत दुसरे रेणू शिरू शकतात.

विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये रिचर्ड बॅरर यांनी या गुणाचा पद्धतशीर अभ्यास केला. अमेरिकेत युनियन कार्बाइड कंपनीत रॉबर्ट मिल्टन यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस कृत्रिम झिओलाइट बनवले. १९५४ पासून ते ‘रेणूंची चाळणी’ म्हणून बाजारात आले. हे नाव आपल्या यंत्रापुरते थोडे फसवे आहे. नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणू आकाराने जवळजवळ सारखेच. चाळून ते वेगळे होत नाहीत. झिओलाइटमधल्या सोडियम, कॅल्शियम किंवा लिथियमच्या आयनांकडे नायट्रोजन अधिक ओढला जातो, एवढाच फरक. पण तेवढा पुरतो.

चार्ल्स स्कारस्ट्रॉम यांनी या फरकाचे यंत्र केले. त्यांचे पेटंट १९६० चे. नळकांडी दोन. एकीत दाबाखालची हवा सोडली, की नायट्रोजन झिओलाइटला चिकटतो आणि ऑक्सिजन पुढे जातो. काही सेकंदांनी झडप फिरते. पहिल्या नळकांडीतला दाब उतरतो, नायट्रोजन सुटून बाहेर पडतो (तोच फुस्स आवाज) आणि काम दुसरीकडे जाते. तयार ऑक्सिजनपैकी थोडा उलटा सोडून पहिली नळकांडी धुतली जाते. हवेतला आर्गॉन ऑक्सिजनबरोबरच राहतो, म्हणून शुद्धता सुमारे ९५ टक्क्यांपुढे जात नाही.

१९७० च्या दशकात ही यंत्रे घरांत आली. त्यांची गरज किती होती ते १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश पाहणीने दाखवले. रोज किमान १५ तास ऑक्सिजन घेणाऱ्या ४२ रुग्णांपैकी पाच वर्षांत १९ दगावले. न घेणाऱ्या ४५ पैकी ३०.

आता दुरुस्तीकडे वळू. यंत्रावरची गोळी ५ लिटरच्या रेघेवर तरंगत असली, की घरचे लोक निश्चिंत होतात. पण गोळी वायूचा प्रवाह दाखवते, त्यात ऑक्सिजन किती ते नाही. चाळणी बिघडली तरी वारा येतच राहतो, फक्त तो साध्या हवेच्या जवळ जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ऑक्सिजन किमान ८२ टक्के हवा. पुष्कळ नव्या यंत्रांत यासाठी संवेदक आणि दिवा असतो, सगळ्यांत नसतो.

चाळणीचा मोठा शत्रू पाणी. पाण्याचा रेणू झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा कितीतरी घट्ट धरतो आणि दाब उतरवून सुटत नाही. क्रोनस्टेटने पाहिले तसे त्याला तापवावेच लागते, आणि ते घरी जमणारे काम नाही. म्हणून नळकांड्या बदलतात, तीही बहुधा जोडीने. नव्या नळकांड्यांची तोंडे बसवण्याच्या क्षणापर्यंत बंद ठेवतात आणि जोडांना साबणाचे पाणी लावून गळती पाहतात. त्याआधी मात्र दाब मोजावा. दाब कमी भरला तर दोष बहुधा कॉम्प्रेसरच्या झिजलेल्या सीलचा किंवा गळतीचा असतो, आणि महागडी चाळणी उगाच बदलली जाते. हे काम जाणकार कारागिराचे. आत विजेचा भार धरून ठेवणारा कपॅसिटर असतो. घरच्यांचे काम स्पंजची जाळी धुण्याचे. दौंडकडे गुऱ्हाळांचा धूर आणि उन्हाळ्याची धूळ असताना ती आठवड्याला धुवावी, पण पूर्ण वाळल्यावरच बसवावी. ओली जाळी म्हणजे चाळणीला पाणी पाजणेच.

२०२१ च्या साथीत तेजस विमानासाठी विकसित केलेले हेच तंत्र संरक्षण संशोधन संस्थेने रुग्णालयांच्या मोठ्या संयंत्रांत वापरले, आणि त्यासाठीचे झिओलाइट एअर इंडियाच्या विमानांनी रोमहून बंगळूरला आणले. त्याच वर्षी छोटी यंत्रेही देशभर मोठ्या संख्येने वाटली गेली. ज्या गावात असे यंत्र दोन-तीन पावसाळे कोपऱ्यात पडून आहे, तिथे ते रुग्णाला लावण्याआधी अर्धा तास चालवावे आणि नळीच्या तोंडाशी ऑक्सिजनमापक धरून आकडा वाचावा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने हे काम होत नाही. तो रक्ताचे सांगतो, यंत्राचे नाही.