नोंद झाली, पण पक्की कधी झाली?

१/ शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील एखाद्या गावी जमिनीचा व्यवहार झाला, की तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घेतो. तेवढ्याने सात-बारा बदलत नाही. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत मिळते आणि अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच नोंद पक्की होते.

२/ आज हे अभिलेख संगणकात आहेत. २०१८च्या महाराष्ट्रदिनापासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा मिळू लागला. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला. अशा भूसंपादनात मोबदल्याचा विचार सात-बारावरील नावापासूनच सुरू होतो. मग संगणक ‘नोंद झाली’ म्हणतो, तेव्हा ती नोंद नेमकी कुठे असते?

३/ १९७०च्या दशकातील युनिक्समध्ये ती बहुधा डिस्कवर नसे. डिस्क संथ असल्याने ऑपरेटिंग सिस्टीम मजकूर आधी स्मृतीतील कॅशमध्ये ठेवी आणि साधारण दर तीस सेकंदांनी डिस्कवर उतरवी. दरम्यान वीज गेली, तर ‘झालेली’ नोंद नाहीशी होई.

४/ बर्कले विद्यापीठात ‘इन्ग्रेस’ हा डेटाबेस घडवणाऱ्या मायकेल स्टोनब्रेकर यांनी जुलै १९८१च्या निबंधात यावर बोट ठेवले. कोणते पान स्मृतीत राखावे आणि कोणते आधी डिस्कवर उतरवावे, हे डेटाबेसलाच ठाऊक असते. ऑपरेटिंग सिस्टीम केवळ अंदाज बांधते.

५/ त्यामुळे ओरॅकलसारखे डेटाबेस फाइलव्यवस्था टाळून थेट कोऱ्या डिस्क-विभागावर लिहू लागले. २००१मध्ये लिनक्सच्या २.४.१० आवृत्तीत ‘ओ-डायरेक्ट’ आले: फाइल तीच, पण मधली कॅश वगळलेली. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी मात्र या रचनेवर जाहीर टीका केली.

६/ कॅश वगळली म्हणजे नोंद सुरक्षित झाली, असेही नाही. डिस्कची स्वतःचीही कॅश असते. म्हणून ‘एफसिंक’ ही आज्ञा द्यावी लागते: सर्व काही कायम साठ्यात उतरवा, मगच उत्तर द्या.

७/ २०१८मध्ये या आज्ञेवरचा विश्वासही डळमळला. स्टोनब्रेकर यांच्याच १९८६च्या प्रकल्पातून जन्मलेला पोस्टग्रेस ऑपरेटिंग सिस्टीमच्या कॅशवर विसंबून होता. लिहिणे फसले, तर लिनक्स एकदा चूक कळवी आणि ते पान ‘उतरले’ असे मानून मोकळे होई. डेटाबेसने पुन्हा विचारले, की उत्तर येई: सर्व ठीक!

८/ २०१९च्या फेब्रुवारीत उपाय आला. अशी चूक दिसताच पोस्टग्रेस आता स्वतःहून थांबतो आणि आधीच लिहून ठेवलेल्या व्यवहारवहीवरून सारे पुन्हा उभारतो. २०२३च्या सोळाव्या आवृत्तीत कॅश वगळण्याची सोयही प्रायोगिक स्वरूपात आली.

९/ घेतलेली नोंद आणि प्रमाणित नोंद यांतला फरक महसूल खात्याच्या वहीत आधीपासूनच होता. संगणकाला तो काटेकोरपणे पाळायला चार दशके लागली.